उत्तर आले नाही, म्हणजे नेमके काय झाले?

रात्रपाळीचे निवासी डॉक्टर वॉर्डातल्या संगणकावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक टाकतात, संध्याकाळच्या नमुन्यात पोटॅशियम किती आले ते विचारतात आणि दोन-तीन सेकंदांत आकडा पडद्यावर येतो. तेवढ्या वेळात पडद्यामागे काय घडले याचा विचार कोणी करत नाही आणि तशी सवडही नसते. पण कधी कधी आकडा येतच नाही. चकती गोल गोल फिरत राहते आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' अशी सूचना उमटते. नुसता रिपोर्ट पाहायचा असेल तर पुन्हा बटण दाबण्यात काहीच धोका नाही. पण त्याच पडद्यावरून ब्लड बँकेकडे दोन पिशव्यांची मागणी पाठवली असेल तर? मागणी पोचलीच नाही, की पोचली, नोंदली गेली आणि फक्त तिची पोच वाटेत हरवली? पुन्हा बटण दाबले तर दोनाच्या चार पिशव्या क्रॉसमॅच होऊन राखून ठेवल्या जातील आणि दुसऱ्या एखाद्या रुग्णाला रक्त मिळायला उशीर होईल. नाही दाबले तर कदाचित एकही पिशवी येणार नाही.

हा प्रश्न रुग्णालयात जन्मलेला नाही. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला काम सांगायला सुरुवात केली तेव्हापासून तो आहे. गंमत अशी, की आजचे बहुतेक सॉफ्टवेअर ज्या कल्पनेवर उभे आहे तिचे एक मूळ मात्र जीवशास्त्रात आहे.

अ‍ॅलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी गणिताबरोबर रेण्वीय जीवशास्त्राचेही शिक्षण घेतले होते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्मॉलटॉक' ही संगणकभाषा घडवली. प्रोग्राम म्हणजे सूचनांची लांबलचक यादी न राहता पेशींसारख्या स्वतंत्र घटकांचा समूह व्हावा आणि या घटकांनी एकमेकांशी फक्त निरोपांतून बोलावे, अशी त्यांची कल्पना होती. या घटकाला 'ऑब्जेक्ट' म्हणतात. इन्सुलिन स्नायूच्या पेशीत शिरून ग्लुकोजसाठी दार उघडत बसत नाही. ते पेशीच्या आवरणावरच्या रिसेप्टरला चिकटते, एवढाच निरोप. ग्लुकोज आत घेणारी प्रथिने पृष्ठभागावर आणण्याचे काम पेशी स्वतः करते. ऑब्जेक्टचेही तसेच. 'रुग्ण' नावाच्या ऑब्जेक्टच्या पोटात नाव, वय, रक्तगट, अ‍ॅलर्जी ही माहिती असते. बाहेरच्या कोणी ती परस्पर चाचपायची नाही. 'अ‍ॅलर्जी कोणती ते सांग' अशी हाक मारायची आणि उत्तर घ्यायचे.

हाक मारणारा आणि हाक ऐकणारा एकाच संगणकात असतील तोवर सगळे सरळ असते. पण 'रुग्ण' वॉर्डातल्या यंत्रात, 'नमुना' प्रयोगशाळेच्या यंत्रात आणि 'रक्तसाठा' ब्लड बँकेच्या यंत्रात असेल तर हाक तारेवरून जावी लागते. त्यासाठी जी युक्ती वापरतात ती कोणत्याही सरकारी रुग्णालयात रोज दिसते. राऊंडवरचे डॉक्टर सिस्टरना म्हणतात, "याचा पोटॅशियमचा रिपोर्ट हवाय." सिस्टर फॉर्म भरतात, नाव-क्रमांक-तपासणी लिहितात आणि हाक देतात, "मामा, हे लॅबला द्या आणि रिपोर्ट घेऊन या." लॅबच्या खिडकीवरचा कारकून फॉर्म वाचून आत तंत्रज्ञाला काम सांगतो. आकडा त्याच वाटेने परत येतो. डॉक्टरांच्या लेखी त्यांनी सिस्टरना विचारले आणि सिस्टरनी उत्तर दिले.

संगणकात सिस्टरच्या जागी एक प्रतिनिधी ऑब्जेक्ट असतो. दूरच्या खऱ्या ऑब्जेक्टसारखाच तो दिसतो, त्याच हाकांना ओ देतो, पण स्वतः काही करत नाही. हाक आणि तिच्यासोबतची माहिती तो ठरलेल्या पद्धतीने बांधतो आणि रवाना करतो. पलीकडे खिडकीवरच्या कारकुनासारखा दुसरा प्रतिनिधी गाठोडे सोडतो, खऱ्या ऑब्जेक्टला हाक मारतो आणि उत्तर बांधून परत पाठवतो.

पालो अल्टोच्या त्याच केंद्रातील अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली या युक्तीचा पाया घालणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात ऑब्जेक्टची भाषा नव्हती, दूरच्या यंत्रातले साधे काम कसे बोलवायचे एवढेच होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला दूरची हाक जवळच्या हाकेइतकीच सोपी वाटावी हा त्यांचा हेतू. पुढे १९९१ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन 'कोर्बा' हे मानक आणले. ऑब्जेक्ट कोणत्या यंत्रात आहे, कोणत्या संगणकभाषेत लिहिलेला आहे याची फिकीर करू नका, फक्त कोणत्या हाका मारता येतील याचा करार लिहा, असे त्याचे म्हणणे होते. बँका, दूरध्वनी कंपन्या आणि रुग्णालयेही त्याकडे आशेने पाहत होती. रुग्णालयांच्या आशेचे कारण उघड आहे. एक्स-रे एका कंपनीचा, प्रयोगशाळेचे यंत्र दुसरीचे, बिलाचे सॉफ्टवेअर तिसरीचे, आणि एकाचे दुसऱ्याशी पटत नाही.

मग १९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या प्रयोगशाळेतील चौघांनी एक टिपण लिहिले. जिम वाल्डो, जेफ वायंट, अ‍ॅन वोलराथ आणि सॅम केंडॉल ही त्यांची नावे. दूरची हाक जवळच्या हाकेसारखी भासवणे हीच मुळात चूक आहे, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. त्यांनी दाखवलेल्या फरकांपैकी दोन सामान्य वाचकाने समजून घ्यावेत असे आहेत.

पहिला फरक वेळेचा. एकाच संगणकातल्या ऑब्जेक्टला हाक मारायला काही नॅनोसेकंद लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन निदान ७ मिलिसेकंद, आणि हे सर्व यंत्रे क्षणात उत्तर देतात असे धरून. आकडा छोटा वाटतो. पण एका नॅनोसेकंदाला एक सेकंद मानले, तर शेजारी बसलेला माणूस काही सेकंदांत उत्तर देतो आणि नागपूरचे उत्तर यायला ८१ दिवस लागतात. म्हणून दूरच्या 'रुग्णा'ला आधी नाव, मग वय, मग रक्तगट असे वीस प्रश्न वेगवेगळे विचारणारे सॉफ्टवेअर रडतखडत चालते. मामांना एकेका रिपोर्टसाठी वीस वेळा लॅबला पाठवण्यासारखेच ते.

वेळेचा प्रश्न पैसे खर्चून थोडाफार सुटतो. दुसरा फरक तसा सुटत नाही. एकच संगणक बंद पडतो तेव्हा हाक मारणारा आणि ऐकणारा दोघेही एकदमच बंद पडतात; मागे गोंधळायला कोणी उरत नाही. जाळ्यात मात्र अर्धे मरते आणि अर्धे जिवंत राहते. उरलेल्या अर्ध्याला पलीकडे काय झाले ते कळत नाही. उत्तर आले नाही याचे तीन अर्थ संभवतात. निरोप पोचला नाही. निरोप पोचला, काम झाले, उत्तर हरवले. किंवा पलीकडचा अजून कामच करतो आहे, नुसता संथ आहे. अलीकडे बसलेल्याला या तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात: फिरणारी चकती. अतिदक्षता विभागात मॉनिटरवरची रेषा सपाट झाली तर रुग्णाची नाडी तपासता येते, वायर सुटली आहे का ते पाहता येते. दूरच्या संगणकाच्या बाबतीत नाडीवर ठेवायचा हातही त्याच बिघडलेल्या तारेतून पाठवावा लागतो.

सन कंपनीच्याच 'एनएफएस' या फाइल-व्यवस्थेचे उदाहरण त्या चौघांनी दिले होते. दूरच्या यंत्रातली फाइल आपल्याच यंत्रात असल्याचा भास ती निर्माण करते. ती जोडण्याचे दोन प्रकार होते. एकात पलीकडून उत्तर येईपर्यंत थांबायचे. मग एक यंत्र बंद पडले की त्यावर विसंबलेली बाकीची यंत्रेही गोठून बसत. दुसऱ्यात काही वेळाने 'जमले नाही' असे कळवायचे. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने साधी फाइल वाचताना असे काही घडेल ही तयारीच ठेवलेली नसे. थांबले तरी पंचाईत, सोडले तरी पंचाईत.

बिरेल आणि नेल्सन यांना हे १९८४ मध्येच दिसले होते, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी दिलेले वचन मोजूनमापून होते: उत्तर आले तर काम नेमके एकदा झाले आहे असे समजा, उत्तराऐवजी बिघाडाची सूचना आली तर काम एकदा झाले असेल किंवा मुळीच झाले नसेल, दोनदा मात्र नक्की नाही. औषधाच्या बाबतीत हे वचन बरे आहे, कारण डोस दोनदा जाण्याचे भय मिटते. पण न गेलेल्या डोसची काळजी कोणीतरी घ्यावीच लागते. उलट, उत्तर येईपर्यंत हाका मारत राहिले तर काम निदान एकदा होते, पण दोनदाही होऊ शकते.

यातून वाट काढायचे दोन मार्ग आहेत. एक हाकेच्या शब्दांचा. 'सलाइनचा वेग ताशी २० मिलिलिटरने वाढवा' ही सूचना दोनदा पोचली तर वेग ४० ने वाढेल. 'वेग ताशी ८० मिलिलिटर ठेवा' ही सूचना दहा वेळा पोचली तरी वेग ८० च राहील. जिथे शक्य असेल तिथे दुसऱ्या प्रकारची हाक रचावी. पण रक्ताच्या पिशवीची मागणी अशी रचता येत नाही. तिथे दुसरा मार्ग: प्रत्येक मागणीला हाक मारणाऱ्यानेच, पाठवण्यापूर्वी, एक क्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवायचा. ब्लड बँकेचे यंत्र क्रमांक पाहते. तो आधी येऊन गेला असेल तर नवी नोंद न करता जुनेच उत्तर परत पाठवते. यूपीआयने पैसे भरताना 'पेंडिंग' दिसले की जीव खालीवर होतो. तिथेही प्रत्येक व्यवहाराचा वेगळा क्रमांक असतो आणि त्याच्याच आधारे पैसे गेले की नाहीत याचा छडा लागतो.

यात एक बारीक जागा आहे आणि चांगले अभियंतेही तिथे घसरतात. मागणीची नोंद झाली आणि तिचा क्रमांक लिहून ठेवण्याआधीच वीज गेली, तर यंत्र जागे झाल्यावर तीच मागणी नवी समजून पुन्हा नोंदवेल. म्हणून नोंद आणि क्रमांक दोन्ही एकाच दमात लिहिले जायला हवेत. लिहिले तर दोन्ही, नाही तर एकही नाही.

माणसांनीही हीच खबरदारी घेतली आहे. फोनवरून दिलेली औषधाची ऑर्डर ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवावी, हा दंडक अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३ च्या रुग्णसुरक्षा उद्दिष्टांत घातला. "हो हो, कळलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

निरोप पोचण्याइतकेच त्याचे संपणेही महत्त्वाचे असते. मज्जातंतूने स्नायूला ॲसिटिलकोलीनच्या रूपात दिलेला निरोप एक विकर क्षणार्धात पुसून टाकतो. काही कीटकनाशके या विकरालाच बांधून ठेवतात. मग निरोप पुसला जात नाही, स्नायू फडफडतात, लाळ आणि घाम वाहत राहतो, श्वास कोंडतो. दूरच्या ऑब्जेक्टचे असेच एक दुखणे आहे. वॉर्डातले यंत्र बंद पडले तरी 'माझे काम अजून चालू आहे' हा त्याचा जुना निरोप पलीकडे तसाच राहिला, तर तिथली जागा कायमची अडून बसते. १९९७ साली जावा भाषेसोबत आलेल्या 'आरएमआय' या व्यवस्थेने त्यावर भाडेकराराचा उपाय केला. मूळ रचनेत हा करार दहा मिनिटांचा असतो. त्याचे नूतनीकरण झाले नाही तर तो आपोआप संपतो. १९९४ च्या टिपणाच्या लेखकांपैकी वोलराथ आणि वाल्डो यांचा या व्यवस्थेच्या घडणीत हात होता आणि त्यांनी आपले म्हणणे त्यात उतरवले. 'दूरच्या बिघाडा'ची शक्यता प्रत्येक दूरच्या हाकेत स्पष्ट लिहावीच लागते. ती टाळली तर प्रोग्राम तयारच होत नाही.

कोर्बा आणि आरएमआय आता मागे पडले आहेत. आरोग्याच्या नोंदींसाठी आज 'फायर' हे मानक चालते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही तेच स्वीकारले आहे. चौदा अंकी आभा क्रमांकाशी जोडलेला एका रुग्णालयातला रिपोर्ट, रुग्णाच्या संमतीने, दुसऱ्या रुग्णालयात दिसावा यासाठीची ती सोय. हाकेची धाटणी बदलली, पण चकती तशीच फिरते. एकच नोंद दोनदा तयार होऊ नये म्हणून 'अशी नोंद आधी नसेल तरच कर' असे सांगण्याची तरतूद फायरमध्ये आहे. ती वापरायची की नाही हे मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्यावर सोडलेले आहे.

म्हणूनच रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर घेताना रंगीत आलेख पाहून भागत नाही. 'पाठवले', 'पोचले' आणि 'स्वीकारले' या तीन अवस्था पडद्यावर वेगवेगळ्या दिसतात का, हे विचारावे. आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी विक्रेत्यासमोर एक साधी तपासणी करावी. रक्ताच्या मागणीचे बटण दाबायचे आणि लगेच नेटवर्कची वायर काढायची. दोन मिनिटांनी ती परत जोडायची, पुन्हा बटण दाबायचे आणि ब्लड बँकेच्या संगणकापाशी जाऊन मोजायचे, की मागणी एक नोंदली गेली आहे की दोन.