तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते

ईदचा तिसरा दिवस उजाडला की आपल्या घरांत मुलांचं टुमणं सुरू होतं. शीरखुर्म्याचं पातेलं रिकामं झालेलं असतं, पाहुणे परतलेले असतात, ईदी अजून खिशात असते. आता कुठं तरी फिरायला न्या! पूर्वी हा हट्ट राणीच्या बागेवर किंवा जवळच्या धरणावर भागायचा. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड झालं आणि जत्रेतले पाळणे बारमाही झाले. ते २०२२ मध्ये बंद पडलं, पण त्याआधीच, २०१३ मध्ये, खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं होतं. आता पुण्या-साताऱ्याकडची मुलं त्याचंच नाव घेतात. गाडी ठरते, डबे ठरतात, खिडकीत कोण बसणार यावरून भांडणही होऊन जातं. आणि मग घरातली एखादी बाई ओढणी सावरत म्हणते, "तुम्ही जाऊन या. मी घरी थांबते. माझा गुडघा..."

वाक्य तिथंच थांबतं. पुढं कोणी विचारत नाही, कारण गुडघा म्हटल्यावर विचारण्यासारखं काही उरलं असं कोणालाच वाटत नाही. ताप असता तर थर्मामीटर लावला असता. गुडघेदुखी मात्र सासूबाईंच्या पानाच्या डब्यासारखी घरात असतेच, असं आपण धरून चालतो.

कधी कधी ती बाई जाते, पण सामान राखायला. एस्सेलवर्ल्डला आम्ही लहानपणी गेलो होतो, तेव्हा अम्मी अशीच दिवसभर एका झाडाखाली पिशव्यांच्या ढिगाजवळ बसली होती. गुडघ्याला जुनी ओढणी घट्ट बांधलेली. त्या दिवसाचे आमच्याकडे अकरा फोटो आहेत. त्यांतल्या एकातही ती नाही.

गेल्या वर्षी एसटीच्या शेवटच्या पायरीवरून उतरताना माझा उजवा गुडघा पिळवटला. सूज ओसरेना म्हणून एमआरआय काढला, तर आतली गादी फाटल्याचं निघालं. आपण गादी म्हणतो ती इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची कूर्चा असते, प्रत्येक गुडघ्यात दोन. तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथली जखम भरून येऊ शकते. आतल्या भागाला तो जवळपास नसतो, तिथली सहसा भरत नाही. माझं ऑपरेशन टळलं, व्यायामावर भागलं. चार महिन्यांनी घरच्यांनी इमॅजिकाचा बेत केला तेव्हा मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, जाऊ का? ते म्हणाले, जा, पण दिवसभर चालू नका, उकिडवं बसू नका, उड्या मारायच्या नाहीत आणि गुडघा अडकल्यासारखा झाला तर ओढून सरळ करू नका.

दिवसभर चालायचं नाही आणि जायचं मात्र अशा ठिकाणी, जिथं दिवसभर चालणं हाच कार्यक्रम असतो. म्हणजे व्हीलचेअर आली. घरात खरा वाद झाला तो इथं.

माझी मोठी नणंद मनानं चांगली, पण जिभेला लगाम नाही. ती म्हणाली, "अगं, धडधाकट बाई तू. शाळेत उभं राहून शिकवतेस आणि तिथं खुर्चीत बसून फिरणार? लोक काय म्हणतील?" घरातले पुरुष गप्प. मुलगी नववीत, तिचा चेहरा पडलेला. मी म्हटलं, "आपा, तुमच्या सासूबाई हजला गेल्या तेव्हा सई कशी केली होती?" त्या व्हीलचेअरवरच होत्या. सफा ते मरवा सात फेऱ्या म्हणजे तीन किलोमीटरहून जास्त होतात. सत्तरीतल्या बाईला ते कसं झेपावं? तिथं चाकाच्या खुर्च्यांसाठी वेगळी वाट आहे, आणि ढकलणाऱ्या मुलाकडं सगळे कौतुकानं पाहतात. हजरत उम्मे सलमा आजारी होत्या तेव्हा त्यांना वाहनावर बसून लोकांच्या मागून तवाफ करायला सांगण्यात आलं होतं. ही हदीस सही बुखारीत आहे. खुद्द काबागृहाभोवती जे चालतं, त्याची लाज खोपोलीत कशी काय वाटावी?

नणंद म्हणाली, "ती इबादत झाली, ही मौज." मुद्दा बिनतोड वाटतो खरा. पण सवलत देहाच्या अशक्तपणासाठी असते. देह काही इबादतीपुरता दुखत नाही. आणि मौजेचं म्हणाल, तर मदीनेच्या मशिदीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते तेव्हा पैगंबरांनी (स.) हजरत आयेशांना तो आपल्या आडून पाहू दिला आणि त्यांचं मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. 'चला, पुरे झालं' असं घाई करून म्हटलं नाही. आपल्याकडच्या पुरुषांनी यातला उभं राहण्याचा भाग जरूर लक्षात ठेवावा.

असो. जाणाऱ्यांसाठी आता कामाचं सांगते.

पहिली गोष्ट दिवसाची निवड. ईदनंतरचा लगेचचा दिवस, रविवार आणि मे महिन्याची सुट्टी टाळा. गर्दीत चालण्यापेक्षा रांगेत उभं राहणं गुडघ्याला जड जातं. मुलांना सांगा, ईदी कुठं पळून जात नाही, आठवड्यानं जाऊ. आदल्या दिवशी फोन करून तीन प्रश्न विचारा: व्हीलचेअर मिळेल का, किती अनामत ठेवावी लागेल, आणि कुठल्या पाळण्यांपर्यंत चढ-उताराशिवाय जाता येतं. मोठ्या उद्यानांत खुर्च्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेल्या असतात, पण मोजक्याच, म्हणून लवकर पोचलेलं बरं.

गुडघ्याचं गणितही समजून घ्या. सांध्यात बसवलेल्या उपकरणांनी झालेलं मोजमाप सांगतं की सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तीनपटीहून थोडा जास्त आणि उतरताना सुमारे साडेतीनपट. म्हणजे ६० किलोची बाई जिना उतरते तेव्हा प्रत्येक पावलाला दोनशे किलोच्या आसपास भार गुडघ्यावर पडतो. चढण्यापेक्षा उतरणं वाईट हे आपल्या आज्यांना माहीत होतंच, आकडा तेवढा नव्हता. म्हणून चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. निम्मे लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आमच्या शिक्षकखोलीतसुद्धा.

पाळण्यांपैकी काय टाळायचं? इमॅजिकातल्या नायट्रोकडं मुलं धावतात. त्या रोलर कोस्टरला पायांखाली फळीच नसते, पाय मोकळे लोंबकळतात आणि गाडी उलटीपालटी होते. ज्याचा गुडघा सैल झालाय त्यानं खालून हात हलवावा. एकमेकांना धडकणाऱ्या छोट्या मोटारीही नकोत. दिसायला साध्या, पण धक्का बसला की गुडघा समोर आदळतो. पाण्याच्या घसरगुंड्यांत घसरण्याइतकंच वर जाणाऱ्या ओल्या पायऱ्यांचं भय असतं. बर्फाच्या दालनाचंही तेच, पाय कधी सटकेल सांगता येत नाही. लाकडी घोड्यावर टांग टाकावी लागते, तेव्हा तोही बाद. प्रत्येक पाळण्यापाशी सूचनांची पाटी असते. ती मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही वाचनं होतात. (शिक्षिकेची खोड, जायची नाही.) गुडघ्याला कडक पट्टा किंवा पाय प्लॅस्टरमध्ये असेल तर तसं कर्मचाऱ्याला आधी सांगा. पाय वाकत नसेल तर बसायच्या जागेत तो मावतच नाही.

मग उरलं काय? पुष्कळ. मोठ्या पडद्यासमोर बसून देश वरून पाहायचा एक खेळ आहे, 'आय फॉर इंडिया' नावाचा. तो मी दोनदा पाहिला. अलिबाबाच्या गुहेत गाडीत बसून चोरांवर बंदूक चालवायची असते. तिथं मी माझ्या पाचवीतल्या मुलाला हरवलं. तो अजून ते मान्य करत नाही. खुर्चीतून गाडीत बसताना खुर्चीचा ब्रेक लावायचा, चांगला पाय आधी टेकवायचा आणि कोणाच्या हाताला न लोंबकळता दांडी धरायची.

खुर्ची ढकलणाऱ्यासाठीही दोन शब्द. उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून, मागं मागं उतरायचं. सरळ उतरवली तर बसलेला माणूस पुढं झुकतो. आणि बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या बहिणींनी घेर मांडीवर ओढून घ्यावा, ओढणीची टोकं आत खोचावीत. माझा घेर सकाळीच चाकात अडकला. काळं तेल लागलं ते अजून गेलेलं नाही. पायात सपाता नकोत, मागून बंद असलेले, न घसरणारे बूट हवेत.

वुजूबद्दल बऱ्याच बहिणी विचारतात. गुडघ्याला पट्टा असला म्हणून वुजू अडत नाही, कारण वुजूत पाय घोट्यांपर्यंतच धुवायचे असतात. अडचण असते ती बेसिनमध्ये पाय वर उचलण्याची, आणि दुखऱ्या गुडघ्यावर एका पायानं उभं राहण्याची. बाटलीत पाणी घेऊन बसून वुजू करावा. ज्यांच्याकडं चामड्याचे मोजे आहेत त्यांनी घरून वुजू करून ते घातले तर मसह चालतो, मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. नमाजेसाठी मी एका कडेच्या बाकावर बसले. महाराष्ट्रातून किबला पश्चिमेला, जरासा उत्तरेकडं. फोनमधल्या होकायंत्रानं काम झालं. बसून नमाज पढताना सजद्यासाठी रुकूपेक्षा जास्त झुकायचं. उभं राहता येतं पण सजदा जमत नाही, अशा माणसानं कसं करावं यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. हनफी-शाफई फरकही आहेत, तेव्हा निघण्याआधी आपल्या मौलवीसाहेबांना विचारून घ्या. उभं राहता येईना तर बसून, तेही जमेना तर कुशीवर, ही मुभा हजरत इमरान बिन हुसैन यांच्या हदीसमधून आलेली आहे. तिचा वापर करताना ओशाळायचं कारण नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला नणंदबाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. पायातली चप्पल काढून त्या तळवे चोळत होत्या. मग म्हणाल्या, "जरा उठ बघू. मी बसते दहा मिनिटं खुर्चीत." त्यांचे दोन्ही गुडघे सहा वर्षांपासून दुखतात, हे मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं! आम्ही एका घरात दोन ईदी एकत्र करतो. मग दिवसभर खुर्ची आळीपाळीनं चालली. माझ्या मुलीनं ती ढकलली, नणंदेच्या मुलानं ढकलली, आणि शेवटी माझे दीर, जे सकाळपासून गप्प होते, त्यांनी. मुलाच्या फोनवर त्या दिवशी १३,००० पावलं निघाली. माझी हजारभर झाली असतील.

घरी आल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, पाय उशीवर उंच. थेट कातडीवर बर्फ ठेवला तर भाजल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी थोडी दुखण येईल. पण गुडघा एकदम फुगला, मध्येच अडकला, पाय टेकवेना किंवा पोटरी गरम होऊन सुजली, तर घरगुती लेपावर वेळ घालवू नका, डॉक्टरांकडं जा. नणंदबाईंना आम्ही त्याच आठवड्यात नेलं. त्यांची गादी शाबूत आहे, झीज आहे. त्यांना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सांगितलेत. त्या करतात, फजरनंतर, दार लावून.

यंदा जानेवारीत आमच्या शाळेची सहल त्याच बाजूला जाणार आहे. आठवीतल्या एका मुलाच्या नडगीचं हाड मोडलंय. त्याच्या आईनं यादीतून नाव कमी करायला सांगितलं होतं, "तो घरी थांबेल, मॅडम." मी तिच्याशी अर्धा तास बोलले. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पाठवते म्हणाली. म्हणजे त्याला एक आणि मला एक, दोन खुर्च्या लागतील. उद्या मधल्या सुट्टीत फोन करून विचारायचं आहे.