वेतन आणि मानधन

आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या गावात बारावी झालेल्या मुलीला पुढे काय करणार म्हणून विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते : नर्सिंग. आईबाप विचारतात, पगार किती? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा : हातात पडणार ते वेतन, की मानधन?

आधी वेतन पाहू. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाची रचना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तीत नियमित पदांचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा असे : वैद्यकीय अधिकारी ५६,१०० रुपये, अधिपरिचारिका ३५,४००, औषधनिर्माण अधिकारी २९,२००, आरोग्यसेविका २५,५००, सफाईगार १५,०००. भत्ते वेगळे. डॉक्टर आणि सफाईगार यांच्यात अंतर पावणेचार पटींचे. ते थोडे नव्हे. तरीही येथे सफाईगाराला वेतनश्रेणी आहे, वार्षिक वाढ आहे, रजा आहे.

खरी दरी या शिडीच्या शेवटच्या पायरीखाली आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून साधारण हजार वस्तीमागे एक 'आशा' आली. गरोदर बाईला दवाखान्यात नेणे, ओल्या बाळंतिणीच्या घरी खेपा घालणे, लसीकरणाला मुले जमवणे ही तिची कामे. पण कागदोपत्री ती 'स्वयंसेविका'. कामागणिक मोबदला, वर मानधन. २०२३ अखेर राज्यातील आशांनी संप केला. मार्च २०२४ मध्ये शासनाने दरमहा ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. मानधन वाढले. वेतनश्रेणी मात्र मिळाली नाही.

ही रीत आजची नाही. जुन्या गावगाड्यात नाळ कापणारी सुईण अनेक ठिकाणी मांगवाड्यातली असे. तिला पायलीभर धान्य, जुनेर, फार तर खणनारळ. तिच्यावाचून गावाचे अडे, पण तिच्या हाताचा विटाळ गाव मानी. काम हलके ठरवायचे म्हणजे दाम देण्याचा प्रश्न उरत नाही. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध असमानता म्हटले, ती दवाखान्यात अशी पोचते : रक्त, मळ, घाण यांच्याशी ज्याचा हात सर्वांत जवळ, त्याचा मोबदला सर्वांत कमी.

त्यातच नियमित पदाच्या जागी ठेकेदार आला की आणखी एक गोष्ट घडते. बिंदुनामावली पदाला लागते, ठेकेदाराच्या हजेरीपटाला नाही. पद गेले की वेतन जाते, आणि त्याबरोबर आरक्षणही जाते.

खासगी दवाखान्यांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला २०,००० रुपयांहून कमी देऊ नये; दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके द्यावे. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात न्यायालयाने सांगितले की नियमित कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही त्या वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे. कार्यकर्त्यांनी हा निकाल जवळ बाळगावा.

शिक्षकांनी मुलींना नर्सिंगला अवश्य पाठवावे. मात्र फॉर्म भरताना तीन गोष्टी तपासायला शिकवावे : पद नियमित आहे काय? वेतनश्रेणी लिहिली आहे काय? नेमणूकपत्र कोणाच्या सहीचे? मानधन या शब्दात मान आहे असे वाटते. पण मानाने चूल पेटत नाही, आणि हक्क मागायला गेलेल्या बाईला 'तू तर स्वयंसेविका' म्हणून परत पाठवायला तोच शब्द उपयोगी पडतो.