बागेला धातूची किनार, झाडाच्या बुंध्याला मोकळी माती

गाझियाबाद : येथील लोहामंडीत पोलादी पट्टी वजनावर विकली जाते. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, जिन्यांचे कठडे आणि कारखान्यांचे सांगाडे यांसाठी ती ट्रकमध्ये भरून बाहेर पडते. इंदिरापुरम, वसुंधरा, राजनगर एक्स्टेन्शन या वसाहतींतील हिरवळीच्या आणि फुलांच्या ताटव्यांच्या कडा मात्र बहुधा सिमेंटच्या ठोकळ्यांनी किंवा गेरू-चुन्याने रंगवलेल्या तिरप्या विटांनी बांधलेल्या आढळतात. अनेक ठिकाणी तेच सिमेंट पुढे सरकत झाडाच्या बुंध्याला जाऊन भिडलेले असते. घराजवळच मिळणारी ही पट्टी बागेच्या काठाला लावली तर शोभेखेरीज आणखी काय साधते, याचा विचार उद्यानरचनेत अलीकडे होऊ लागला आहे.

काठ ही बागेतील गौण बाब समजली जाते. वास्तविक साडीची पारख जशी काठावरून होते, तशीच बागेची निगा तिच्या काठावरून कळते. हिरवळ आणि वाफा, वाफा आणि पायवाट, माती आणि रस्ता यांच्यामध्ये रेषा नसेल तर दोन पावसाळ्यांत सारे एकमेकांत मिसळते. दिल्ली परिसरातील बहुतेक हिरवळी हरळीच्या असतात. रोपवाटिकेत ‘सिलेक्शन वन’ या नावाने मिळणारे गवतही हरळीचाच निवडक प्रकार आहे. ही वनस्पती जमिनीवरून धावणाऱ्या फुटव्यांनी आणि जमिनीखालील खोडांनी अशी दोन्हींकडून पसरते. तिची बहुतेक भूमिगत खोडे मातीच्या वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरच्या थरात असल्यामुळे १० ते १५ सेंटिमीटर खोल गेलेली अखंड पट्टी त्यांना बऱ्याच अंशी रोखते. विटांच्या ओळीत दर विटेमागे एक सांधा असतो आणि हरळीला तेवढी फट पुरते. लव्हाळ्यापुढे मात्र पट्टीचाही इलाज चालत नाही. त्याचे कंद तिच्याखाली खोलवर असतात, आणि काठ लावला म्हणून लव्हाळा जाईल अशी आशा कोणी बाळगू नये.

या शहराच्या दृष्टीने काठाचा खरा प्रश्न धुळीचा आहे. आय.आय.टी. कानपूरने दिल्लीच्या हवेविषयी जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात पीएम १० कणांच्या उत्सर्जनात रस्त्यावरील धुळीचा वाटा ५६ टक्के, तर पीएम २.५ कणांमध्ये ३८ टक्के असल्याचे मांडले होते. आकडे दिल्लीचे असले तरी सीमेला लागून असलेल्या गाझियाबादची हवा काही निराळी नाही. ही धूळ अनेक वाटांनी येते. रस्त्याकडेच्या उघड्या पट्ट्यांतील आणि दुभाजकांतील माती ही त्यांपैकी एक. हिंडन आणि यमुनेच्या गाळाने बनलेली येथील माती बारीक कणांची आहे. पावसात ती वाहून डांबरावर येते, वाळते आणि वाहनांच्या चाकांखाली पिठासारखी उडते. यावर सर्वांत सोपा म्हणून योजला जाणारा उपाय म्हणजे उघडी जागाच फरसबंद करणे. त्याने धूळ घटते, परंतु पावसाचे पाणी मुरण्याची जागा जाते आणि झाडांची मुळे झाकली जातात.

राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आतील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्या थरात असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. वरून सिमेंट पडले की ती मरत जातात, झाडाची पकड ढिली होते आणि वादळात ते उन्मळून पडते. मुंबई, ठाणे, पुणे येथील वृक्षप्रेमींचीही हीच तक्रार आहे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, तरीही फरसबंदी करणाऱ्याचा हात बुंध्यापाशी थांबत नाही. तो थांबावा यासाठी तेथे दिसणारी, ठरलेली रेषा असावी लागते. पाच मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी ही रेषा आखते आणि त्यासाठी स्वतः जवळजवळ जागा घेत नाही. सिमेंटचा ठोकळा बसवायचा तर खाली काँक्रीटचा थर आणि मागे टेकू लागतो; मुळांच्या दृष्टीने तीही एक भिंतच. पट्टीला अरुंद चर आणि ठरावीक अंतरावर खुंट्या पुरतात.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडेल. अर्धा मीटर व्यासाच्या बुंध्याभोवती सर्व बाजूंनी एक मीटर जागा सोडायची तर आळ्याचा व्यास अडीच मीटर आणि परीघ ७.८५ मीटर होतो. १०० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टीचे वजन मीटरला सुमारे २.३६ किलो, तर ५ मिलिमीटर जाडीचे ३.९३ किलो भरते. म्हणजे एका आळ्याला अनुक्रमे साडेअठरा किंवा एकतीस किलो पोलाद लागेल. वजनाने खरेदी असल्यामुळे लोहामंडीतील त्या दिवसाच्या भावाने गुणले की खर्च कळतो. त्यावर वाकवण्याची मजुरी. झाड आधीच उभे असल्याने पूर्ण कडे वरून घालता येत नाही. म्हणून दोन अर्धवर्तुळे करावीत आणि ती झाळून न टाकता बोल्टने जोडावीत.

झाडाच्या आळ्याबाबत एक चूक सर्रास होते. पट्टी उंच उभी केली जाते आणि आत माती भरून फुलझाडे लावली जातात. दिसायला ते सुरेख, पण बुंध्याची साल सतत ओल्या मातीत राहून कुजू लागते. आपल्या गावच्या वड-पिंपळाचा पार अनेकांच्या डोळ्यांपुढे असतो. मात्र ती झाडे खोडातून नवी मुळे फोडणारी आहेत, कडुनिंबाला किंवा अमलताशाला, म्हणजे आपल्या बहाव्याला, तो न्याय लावता येत नाही. झाडाभोवतीची पट्टी जमिनीबरोबर किंवा दोन बोटे वर असावी, जमिनीत दहा सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये, आणि चर खणताना अंगठ्याएवढे मूळ लागले तर मूळ न तोडता पट्टीलाच खालून खाच द्यावी. पोलाद कापता येते, याचा फायदा अशा वेळी घ्यावा.

धातू कोणता निवडावा, यावर मतभेद आहेत. साधे पोलाद स्वस्त आणि सहज मिळणारे; ते गंजते, पण ५ मिलिमीटर जाडीला गंज पोखरायला पुष्कळ वर्षे लागतात. जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी अधिक टिकते. मुलामा मात्र कापणे, भोके पाडणे आणि वाकवणे उरकल्यावर द्यावा. मुलामा दिलेली पट्टी नंतर झाळली तर सांध्यावरचे जस्त जळून जाते आणि त्या धुराने कारागिराला ताप भरतो. ॲल्युमिनियम गंजत नाही, वजनाला पोलादाच्या एक तृतीयांश आणि वळायला सोपे असते. परंतु फावड्याच्या एका ठोक्याने ते वाकते, आणि सार्वजनिक जागी चोरीलाही जाते. चौथा पर्याय कॉर-टेन पोलादाचा. अमेरिकेतील यू.एस. स्टील कंपनीने १९३० च्या दशकात हे पोलाद बाजारात आणले आणि सुरुवातीला ते रेल्वेच्या कोळसा वाहणाऱ्या डब्यांसाठी वापरले गेले. तांबे, क्रोमियम आदींच्या अल्प मिश्रणामुळे त्यावर येणारा गंज घट्ट बसतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. हा तांबूस-तपकिरी रंग सध्या उद्यानरचनाकारांचा आवडता आहे. मात्र असा थर तयार होण्यासाठी धातू भिजावा आणि पुन्हा सुकावा लागतो. कायम ओल्या मातीत गाडलेला भाग साध्या पोलादासारखाच गंजतो, आणि पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत त्यावरून ओघळणारे पाणी फिकट फरशीवर न जाणारे डाग पाडते. शेजारी पांढरा धोलपुरी दगड असेल तर या धातूचा मोह टाळलेला बरा.

रचनेच्या दृष्टीने धातूची खरी ताकद वक्ररेषेत आहे. वीट आणि ठोकळा सरळ रेषेचे सोयरे. वळणावर त्यांचे कोपरे बाहेर येतात. पट्टी मात्र ओढ्याच्या वळणासारखी वाकते. पाण्याची रबरी नळी जमिनीवर पसरून, दोन-चार दिवस घराच्या गच्चीवरून तिच्याकडे पाहून मनाजोगते वळण ठरवावे आणि मगच चुन्याची रेघ मारावी. लहानसहान वळणांची गर्दी डोळ्याला थकवते. एक मोठे, संथ वळण छोटी जागा मोठी भासवते. हिरवळीत वेगवेगळ्या व्यासांची तीन-चार कडी बसवून एकात गवती चहा, दुसऱ्यात झेंडू, तिसऱ्यात नुसते नदीचे गोटे भरले तरी सपाट जागेला आकार येतो. गाझियाबादची जमीन जवळजवळ समतल आहे, त्यामुळे उतारावरच्या पायऱ्यांची गंमत येथे मिळत नाही. पण रुंद पट्टीने १५ आणि ३० सेंटिमीटर उंचीचे दोन टप्पे करून ती निर्माण करता येते. याउलट खोलगट वाफाही करता येतो. छपराचे पाणी नळीने त्यात सोडावे, कर्दळीसारखी ओल सोसणारी झाडे लावावीत, आणि पट्टीची कड त्या खोलगट भागाला सुबक हद्द देते.

कारखान्यांच्या या शहरात आणखी एक सोय आहे. पत्र्यातून चकत्या किंवा सुटे भाग ठोकून काढल्यावर उरणारी भोकाभोकांची पट्टी भंगारात विकली जाते. उत्तर भारतात तिची कुंपणे सर्रास दिसतात. काठाला लावली तर भोकांतून पाणी वाहते, माती मात्र आतून खडी टाकल्यास अडते, आणि सावलीची नक्षी पायवाटेवर पडते. तिच्या कडा सुरीसारख्या असतात, हे विसरू नये. वरची कड दुमडून किंवा तिच्यावर चिरलेली नळी बसवूनच ती वापरावी. मुले अनवाणी खेळतात तेथे हा नियम प्रत्येक पट्टीला लागू आहे. भाजीच्या वाफ्याला जुन्या रंगवलेल्या भंगाराचा काठ मुळीच नको. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात काय होते, हे पत्र्याकडे पाहून सांगता येत नाही.

बसवताना दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. पहिली, उष्णतेने होणारे प्रसरण. येथील हिवाळ्यात पहाटेचे तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते, आणि जूनच्या उन्हात धातू साठ अंशांपर्यंत तापू शकतो. एवढ्या फरकाने सहा मीटरची पोलादी पट्टी सुमारे चार मिलिमीटर, तर ॲल्युमिनियमची साडेसात मिलिमीटर वाढते. पट्ट्या एकसंध झाळल्या तर उन्हाळ्यात लांब सरळ रेषेला पोक येतो. म्हणून सांध्यावर एक पट्टी दुसरीवर चढवून लांबट भोकातून बोल्ट घालावा. दुसरी गोष्ट पाण्याची. दहा चौरस मीटरच्या वाफ्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० लिटर पाणी साचते. बंद काठ त्याला तळे बनवतो. दर मीटरला मातीच्या पातळीवर एक सेंटिमीटरचे भोक आणि आतून मूठभर खडी एवढ्याने ते निघून जाते. खुंट्यांसाठी १२ मिलिमीटरची सळई, ४० सेंटिमीटर लांबीची, पाऊण ते एक मीटर अंतराने ठोकावी.

रस्त्याकडेच्या पट्टीत याहून महत्त्वाचे काय, तर मातीची पातळी. काठ कितीही देखणा असला तरी आतली माती त्याच्यापेक्षा उंच ढिगासारखी रचलेली असेल तर पहिल्या सरीत ती रस्त्यावर येणारच, आणि शहरातील बहुतेक दुभाजकांत ती तशीच रचलेली असते. माती काठाच्या वरच्या कडेपेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली हवी आणि तिच्यावर पालापाचोळ्याचे किंवा गवताचे आच्छादन हवे.

हीच पट्टी महाराष्ट्रात लावणाऱ्याला माती पाहून फेरफार करावे लागतील. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आखूड खुंट्या ती वर ढकलते आणि सरळ रेषा वर्षभरात वाकडी होते. तेथे खुंट्या निदान ६० सेंटिमीटरच्या घ्याव्यात. पुण्याच्या टेकड्यांवरील मुरमात खुंटी शिरतच नाही, आधी भोक पाडावे लागते. कोकणातील आम्लधर्मी जांभी माती आणि खारा वारा जस्ताचा मुलामा लवकर खातात. तेथे जाड ॲल्युमिनियम किंवा सरळ जांभ्या दगडाचाच काठ शहाणपणाचा.

कामाला उत्तम काळ पावसाळा ओसरल्यानंतरचा, माती मऊ असते तोवरचा. त्यानंतर वर्षातून एकदा, शक्यतो पहिल्या पावसाआधी, फेरी मारून वर आलेल्या खुंट्या ठोकाव्यात, बुजलेली भोके तारेने मोकळी करावीत आणि झाडांच्या आळ्यांवरील बोल्टांना ग्रीस लावून ठेवावे. बुंधा वाढत जातो. काही वर्षांनी दोन अर्धवर्तुळांच्या मध्ये पट्टीचा आणखी एक तुकडा घालण्याची वेळ येते, आणि तेव्हा तो बोल्ट सैल व्हायला हवा.