दोन घरचा पाहुणा

इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सच्या सीमेला लागून, श्रॉपशायर नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील मिन्स्टर्ली या गावाजवळ बँक फार्म नावाचे एक एकाकी शेतघर होते. त्या घरात ९ जानेवारी १९४५ रोजी डेनिस ओ'नील नावाचा बारा वर्षांचा मुलगा मरण पावला. मुलाला झटका आला आहे, असे कळवून डॉक्टरांना बोलावण्यात आले. ते पोहोचले तेव्हा मुलाचा प्राण जाऊन काही तास लोटले होते. छातीवर आणि पाठीवर झालेल्या मारहाणीने, त्यातही मूळच्या उपासमारीने खंगलेल्या देहाला ती न सोसल्याने, त्याचे हृदय बंद पडले होते.

डेनिस हा त्या घरातला मुलगा नव्हता. वेल्समधील न्यूपोर्ट या बंदराच्या गावी एका गरीब कुटुंबात तो जन्मला. आईबापांकडून मुलांची आबाळ होते, असे पाहून न्यायालयाने त्याला व त्याच्या भावंडांना घरातून काढले आणि न्यूपोर्टच्या नगरसंस्थेच्या ताब्यात दिले. कायद्याच्या दृष्टीने ती नगरसंस्थाच आता त्यांची आईबाप झाली. तिने मुलांना पैसे देऊन परक्या कुटुंबांत सांभाळायला ठेवले. एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्या घरात, असे करीत १९४४ च्या उन्हाळ्यात डेनिस आणि त्याचा धाकटा भाऊ टेरेन्स बँक फार्मवर आले. जन्मदात्यांकडून ज्या आबाळीसाठी त्यांना काढून घेतले, तिच्याहून कितीतरी भयंकर आबाळ त्यांच्या वाट्याला आली, आणि तीही सरकारच्या खर्चाने.

त्या घरात काय घडत होते, हे जगाला कळले ते दहा वर्षांच्या टेरेन्सच्या साक्षीमुळे. पाव, लोणी आणि चहा एवढ्यावर दोघे भाऊ दिवस काढीत. भूक असह्य झाली म्हणून डेनिसने गोठ्यातल्या गायीच्या आचळाला तोंड लावल्याचे त्याने सांगितले. छडीचा मार तर रोजचाच होता. मार्च १९४५ मध्ये स्टॅफर्डच्या न्यायालयाने शेतकऱ्याला मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची आणि त्याच्या पत्नीला आबाळीबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. तेव्हा दुसरे महायुद्ध अद्याप संपले नव्हते. रणांगणावरच्या बातम्यांनी भरलेल्या वृत्तपत्रांनीही या एका मुलासाठी रकानेच्या रकाने खर्च केले.

गुन्हेगारांना शिक्षा झाली. परंतु लोकांच्या मनात वेगळाच प्रश्न होता. हा मुलगा कोणाच्या नजरेआड नव्हता. त्याच्या नावाची फाइल होती, त्याच्या पोटासाठी दर आठवड्याला सार्वजनिक पैसा जात होता. मग तो मेला कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम सर वॉल्टर मॉन्क्टन या कायदेपंडिताकडे सोपविण्यात आले. हेच मॉन्क्टन पुढे हैदराबादच्या निजामाचे घटनाविषयक सल्लागार म्हणून भारतात वावरले, त्यामुळे मराठवाड्यातील जुन्या पिढीला त्यांचे नाव परके नसावे.

मॉन्क्टन यांच्या चौकशीतून कोणी एक खलनायक पुढे आला नाही. पुढे आली ती साध्या, रोजच्या ढिलाईची एक साखळी. मुलगा न्यूपोर्टच्या संस्थेचा. राहतो श्रॉपशायरच्या हद्दीत. देखरेख कोणी करायची? हे समजतात त्यांनी, ते समजतात यांनी. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही आपली म्हण डेनिसच्या बाबतीत शब्दशः खरी झाली. मुलांना ठेवण्यापूर्वी त्या घराची आणि त्या माणसांची पुरेशी पारख झाली नव्हती. ठेवल्यानंतर कित्येक महिने न्यूपोर्टहून कोणी फिरकले नाही. अखेर २० डिसेंबर १९४४ रोजी तेथील कार्यालयातील एक तरुण कर्मचारी स्त्री शेतावर जाऊन आली. मुलगा आजारी आणि भेदरलेला दिसतो, त्याला ताबडतोब तेथून हलवावे, असे तिने कळविले. साखळीतली ही एक कडी मजबूत निघाली. परंतु नाताळची सुटी आली, युद्धामुळे कचेरीत माणसे कमी होती, कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. तो कागद पुढे सरकण्याच्या आत वीस दिवस संपले आणि त्यांबरोबर डेनिसचे आयुष्यही.

मुलाचे पालकत्व घेणाऱ्या संस्थेने मुलाशी असलेले नाते हे व्यक्तिगत नाते मानले पाहिजे, असा मॉन्क्टन यांच्या निष्कर्षाचा गाभा होता. संस्था म्हणजे ठराव, शिक्के आणि जावक क्रमांक. मुलाला मात्र हवे असते माणूस: त्याचे नाव ठाऊक असलेला, त्याच्याकडे पाहून 'हा का वाळला?' असे विचारणारा. हे काम कागदी घोडे नाचवून होत नाही.

याच सुमारास मायरा कर्टिस यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. आईबापांच्या छत्राला पारखी झालेली सुमारे सव्वा लाख मुले इंग्लंड आणि वेल्समध्ये निरनिराळ्या व्यवस्थांखाली जगत असल्याचे या समितीला आढळले. कोणी अनाथालयात, कोणी दरिद्रीगृहात म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या सोबतीला, कोणी परक्या घरांत. त्यांच्यावर देखरेख करणारी खाती तीन-चार, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. समितीचा अहवाल १९४६ साली आला आणि त्यातून १९४८ चा बालक कायदा जन्मला. प्रत्येक परगण्यात मुलांसाठी स्वतंत्र समिती आणि एक जबाबदार बालकल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे झाले. आजच्या ब्रिटनमधील बालसंरक्षणाची इमारत या पायावर उभी आहे. या प्रकरणाची आणखी एक आठवण रंगभूमीवर राहिली. बी. बी. सी.ने मे १९४७ मध्ये राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त अगाथा ख्रिस्ती यांची एक नभोनाटिका ध्वनिक्षेपित केली. तिचे बीज याच घटनेत होते. तिचेच पुढे 'द माऊसट्रॅप' हे नाटक झाले आणि १९५२ पासून ते लंडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्या रहस्यनाट्याच्या मुळाशी एक उपाशी मुलगा आहे, हे प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

कायदा झाला, अधिकारी आले; तरी प्रश्न मिटला नाही. ब्रायटन शहरात जानेवारी १९७३ मध्ये मारिया कॉलवेल ही सात वर्षांची मुलगी सावत्र बापाच्या मारहाणीने मेली. ती पाच वर्षांहून अधिक काळ आपल्या आत्याच्या घरी सुखाने वाढत होती. जन्मदात्या आईचा हक्क मोठा, या समजुतीने तिला १९७१ मध्ये तिच्या इच्छेविरुद्ध आईकडे परत पाठविण्यात आले. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, शाळेतल्या शिक्षिकेला चिंता वाटली, वेगवेगळ्या खात्यांची माणसे घरी येऊन गेली. प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा होता. ते तुकडे एका जागी कोणीच जुळविले नाहीत. या चौकशीनंतर धोक्यातील मुलांची नोंदवही आणि सर्व संबंधितांची एकत्र बैठक या पद्धती रूढ झाल्या.

त्यानंतर पाव शतकाने व्हिक्टोरिया क्लिंबिए हिची कथा घडली. पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट देशातल्या या मुलीला चांगले शिक्षण मिळेल या आशेने तिच्या आईबापांनी नात्यातल्या एका आजीच्या स्वाधीन केले. ती बाई तिला आधी फ्रान्सला आणि एप्रिल १९९९ मध्ये लंडनला घेऊन गेली. दुसऱ्याच एका मुलीच्या पारपत्रावर प्रवास झाल्याने अधिकाऱ्यांना तिचे खरे नावही कळले नाही. २५ फेब्रुवारी २००० रोजी ती आठ वर्षांची मुलगी मरण पावली, तेव्हा तिच्या अंगावर १२८ जखमा आणि व्रण मोजले गेले. मधल्या दहा महिन्यांत चार भागांची समाजकल्याण खाती, दोन रुग्णालये आणि पोलिसांची दोन बालसंरक्षण पथके यांच्याशी तिचा संबंध आला होता. एका रुग्णालयात तर व्रण पाहून संशय आला, संरक्षणही मिळाले. पण ही केवळ खरूज आहे, असे निदान झाले आणि मुलगी पुन्हा त्याच हातांत गेली. लॉर्ड लेमिंग यांनी २००३ च्या अहवालात दाखवून दिले की तिला वाचविण्याच्या किमान बारा संधी हुकल्या, आणि त्यांतील एकीलाही असामान्य बुद्धीची वा मोठ्या खर्चाची गरज नव्हती. त्यांनी १०८ शिफारशी केल्या आणि २००४ चा नवा कायदा झाला.

या घटना निरनिराळ्या काळांतल्या असल्या तरी त्यांतून काही गोष्टी पुन्हापुन्हा दिसतात. पहिली ही की, भेटीला गेलेला माणूस मोठ्यांशी बोलतो आणि मुलाला नुसते पाहतो. मुलगा घाबरतो, म्हणून मोठ्यांच्या समोर खरे सांगत नाही; आणि त्याला एकटे भेटायला वेळ नसतो. दुसरी ही की, पालकांच्या सौजन्यावर चटकन विश्वास बसतो. मूल पडले, मूल हट्टी आहे, मूल खात नाही, ही कारणे सर्व घरांत खरी असू शकतात. म्हणूनच ती खोटी असतील तेव्हाही खरी वाटतात. तिसरी ही की, एका संकटाची माहिती अनेकांत वाटली गेली की जबाबदारीही वाटली जाते, आणि वाटलेली जबाबदारी कोणाच्याच अंगाला लागत नाही.

रीतसर दत्तक देताना यात आणखी एक अडचण येते. दत्तक घेऊ इच्छिणारे जोडपे चौकशीच्या चाळणीतून आलेले असते, म्हणून त्याच्याविषयी अनुकूल मत आधीच तयार असते. वेल्समध्ये २०१६ साली अठरा महिन्यांची एक मुलगी कायदेशीर दत्तकविधान झाल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत दत्तक पित्याच्या हातून मरण पावली. त्याआधी काही महिने तिचा पाय मोडला होता. परंतु हे घर चांगलेच, या गृहीतामुळे दुखापतींकडे संशयाने पाहिले गेले नाही, असे नंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले.

भारतालाही हा प्रश्न परका नाही. बिहारमधील एका संस्थेतून २०१६ साली अमेरिकेत दत्तक गेलेली तीन वर्षांची मुलगी ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सास राज्यात मृत्यू पावली आणि दत्तक पित्याला २०१९ मध्ये जन्मठेप झाली. परदेशी जाणाऱ्या मुलांविषयीची चिंता आपल्याकडे जुनी आहे. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अशा दत्तकविधानांसाठी दंडक घालून दिले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय दत्तकविधानासंबंधीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ साली मान्य केला, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याखालील नियमांनी दत्तक दिल्यानंतर दोन वर्षे मुलाची विचारपूस करीत राहणे बंधनकारक ठरविले. ही दोन वर्षांची विचारपूस म्हणजे कायद्याने मुलासाठी उघडी ठेवलेली एक खिडकी आहे. तिच्यातून कोणी डोकावले तरच तिचा उपयोग. नुसता अहवाल भरून धाडला तर ती बंदच राहते.

या सर्व कथा ऐकून दत्तक या संस्थेविषयीच मन कलुषित होऊ देणे हा मात्र मोठा अन्याय ठरेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका निराधार विधवेच्या यशवंत या मुलाला पोटाशी धरले आणि डॉक्टर केले. तोच यशवंत पुढे प्लेगच्या साथीत रुग्णसेवेला उभा राहिला. परक्या पोटच्या मुलांना जिवापाड जपणारी घरे असंख्य आहेत, आणि मारियाला प्रेम मिळाले ते तिला सांभाळणाऱ्या आत्याच्या घरीच. मुलाची सुरक्षितता रक्ताच्या नात्याने ठरत नाही, तशीच ती दत्तकपत्रानेही ठरत नाही. ती मुलाकडे कोणाचे लक्ष आहे, यावर ठरते.

आणि हे लक्ष केवळ सरकारी माणसाचे असून भागत नाही. मारियाच्या शेजाऱ्यांनी आवाज उठविला होता. त्यांचे कोणी ऐकले नाही, हा दोष त्यांचा नव्हता. आपल्याकडे १९९६ साली मुंबईत सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आज देशभर चालतो. संकटात असलेले मूल स्वतः तो फिरवू शकते, आणि त्याच्यासाठी शेजारी, शिक्षक, दुकानदार किंवा रस्त्याने जाणारा कोणीही फिरवू शकतो. पलीकडच्या घरातून रोज रडण्याचा आवाज येत असेल, शाळेत येणारे मूल दिवसेंदिवस वाळत असेल, तर 'हा त्यांच्या घरचा प्रश्न' म्हणून खिडकी लावून घेण्यापूर्वी तो क्रमांक आठवावा. न्यूपोर्टच्या त्या तरुण कर्मचारी स्त्रीने एका भेटीत जे पाहिले ते बरोबर पाहिले होते. तिचे म्हणणे त्याच दिवशी कोणी मनावर घेतले असते, तर डेनिसला न्यायला वीस दिवसांचा अवधी होता.