किनाऱ्यावरचा न वाळणारा घाम
नाताळची गर्दी ओसरली, की जालना-अंबडकडची काही निवृत्त मंडळी कोकणातल्या मुक्कामाचा बेत आखतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला फेब्रुवारी-मार्चमध्ये घरगुती राहण्याजेवणाची सोय होते, कासवांची पिल्ले समुद्रात जातानाही दिसतात. पारा जालन्यापेक्षा कमी असला, तरी गाफील राहू नये. आपल्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळून अंग थंड होते. किनाऱ्याच्या दमट हवेत तो नुसताच वाहतो आणि उष्णता अंगातच राहते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना चक्कर येऊ शकते. गोळी परस्पर बंद करू नये; निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पिल्ले सकाळ-संध्याकाळ सोडतात. फिरण्याची वेळही तीच ठेवावी. कुणी असंबद्ध बोलू लागल्यास सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालय गाठावे.