पन्नास सेंटच्या आतली लस

सेनेगल ते इथिओपियाच्या पट्ट्यात कोरड्या हंगामात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची साथ येते. १९९६-९७ मध्ये तिने सुमारे २५ हजार बळी घेतले. आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांची अट एकच होती: लसीचा डोस ५० सेंटच्या आत हवा. त्याहून महाग लस गरीब देशांसाठी नसल्यासारखीच, आणि हे त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ती अट पाळली. या लसीसाठी मेनिंजायटिसच्या जीवाणूच्या कवचातली शर्करा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला जोडायची, म्हणजे प्रतिकारशक्ती दीर्घकाळ टिकते. हे तंत्र अमेरिकी एफडीएतल्या शास्त्रज्ञांनी दिले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ‘मेनआफ्रिव्हॅक’ या लसीची मोहीम सुरू झाली. ही लस जीवाणूच्या ‘ए’ गटावर होती; त्या गटाच्या साथी थांबल्या. इतर गट उरलेच. त्यांच्यासाठीची पुण्याचीच ‘मेनफाइव्ह’ लस २०२४ मध्ये नायजेरियाने सर्वांत आधी वापरली.