रांग सोसत नाही, याचा पुरावा काय?

अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांमध्ये अपंगांच्या सवलतीवरून पेटलेलं भांडण वाचकांच्या कानावर आलंच असेल. २०२४ मध्ये नियम आवळले गेले, खोटं बोलून सवलत घेणाऱ्यांना कायमची बंदी घालण्याची तंबी मिळाली, पालक संतापले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात खटला दाखल झाला. ‘लबाड विरुद्ध खरे गरजू’ अशी या बातम्यांची मांडणी असते. त्यात एक साधा प्रश्न मागे पडतो: एखाद्या माणसाला रांग सोसत नाही, हे ठरवायचं कोणी आणि कशावरून?

मोठ्या राइडची रांग म्हणजे कठड्यांमधली नागमोडी वाट. पुढचा माणूस हातभर अंतरावर, मागचा जवळपास अंगावर, आणि शेवट कुठे आहे ते वळणांमुळे दिसत नाही. क्रोन्सचा आजार असलेली बाई अशा रांगेत चाळीस मिनिटं उभी आहे असं समजा. आतड्याला सूज असली की शौचाची घाई सांगून येत नाही. हाताशी दोनच मिनिटं असतात. तेवढ्यात तिला ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत चाळीस मिनिटांची गर्दी उलटी कापायची असते. व्हीलचेअरला वाट देण्यासाठी कठडे रुंद केले, तरी तिची अडचण सुटत नाही. ऑटिझम असलेल्या मुलाचं दुखणं आणखी वेगळं. अनोळखी माणसांचे धक्के, एकच धून पुन्हा पुन्हा वाजवणारे स्पीकर आणि ‘अजून किती?’ या प्रश्नाला नसलेलं उत्तर त्याच्या अंगावर येतं. मग तो कान झाकून खाली बसतो, ओरडतो, आणि आजूबाजूचे आईबापांकडे बघायला लागतात.

डिस्नेने या लोकांसाठी २०१३ मध्ये आणलेल्या सोयीचं नाव डिसॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस, म्हणजेच डॅस. तिचं गणित न्याय्य आहे. राइडला तासाभराची रांग असेल, तर डॅसवाल्याला साधारण तेवढ्याच वेळानंतरची परतीची वेळ मिळते. तोवर त्याने सावलीत बसावं, फिरावं, स्वच्छतागृहाजवळ राहावं. थांबणं चुकत नाही, फक्त ते कठड्यांच्या आत होत नाही.

आधीची पद्धत सैल होती. गेस्ट असिस्टन्स कार्ड दाखवलं की बऱ्याच ठिकाणी जवळच्या दाराने आत जाता यायचं. मे २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने बातमी दिली की मॅनहॅटनमधल्या काही धनाढ्य आया तासाला १३० डॉलर मोजून अपंग वाटाड्या भाड्याने घेतात आणि त्याच्या कार्डावर आपल्या मुलांना पुढे काढतात. न्यूयॉर्कच्या श्रीमंत मातांचा अभ्यास करणाऱ्या वेन्झ्डे मार्टिन या लेखिकेला हा प्रकार आढळला होता. त्याच सुमारास डिस्नेने केलेली पाहणी पुढे कोर्टासमोर आली. कार्डधारक पाहुण्यांमध्ये ३.३ टक्के, पण ‘टॉय स्टोरी मॅनिया’ या एका राइडवर बसणाऱ्यांमध्ये तब्बल ३० टक्के. ऑक्टोबर २०१३ मध्ये कार्ड बंद झालं आणि डॅस आली.

या बदलाविरुद्ध ऑटिझम असलेल्या एका तरुणाने आणि त्याच्या आईने खटला भरला. त्याला डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कात ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या क्रमानेच फिरावं लागतं. नंतरची वेळ देऊन परत पाठवलं तर तो क्रम मोडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना परतीच्या वेळेशिवाय आत जाता येईल असे पास हवे होते. तसे पास सगळ्या डॅसधारकांना दिले, तर ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ची साधी रांग ६९ मिनिटांवरून १०८ मिनिटांवर जाईल, असा हिशेब कंपनीने मांडला. २०२० मध्ये न्यायाधीश अॅन कॉनवे यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला: मागितलेली सोय आवश्यक नाही, आणि ती दिली तर धंद्याचं मूळ स्वरूपच बदलेल.

ही ‘मूळ स्वरूपा’ची कसोटी सर्वांत गाजली ती गोल्फच्या मैदानावर. केसी मार्टिन या खेळाडूच्या पायातलं रक्ताभिसरण जन्मतः बिघडलेलं. चालणं हा स्पर्धेचाच भाग आहे, असं सांगून पीजीए टूरने त्याला गाडी नाकारली. २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की खेळाचा गाभा चेंडू मारण्यात आहे आणि गाडीने तो बदलत नाही. आता मार्टिनच्या गाडीने बाकीच्या खेळाडूंचा वेळ जात नव्हता. पार्कात तसं नाही. एकाला आधी सोडलं की दुसरा तेवढा मागे सरकतो, हे मान्यच करायला हवं.

पण मग हाच काटा पैसेवाल्यांच्या रांगेलाही लावा. १९९९ पासून डिस्नेकडे फास्टपास होता आणि तो फुकट होता. कोविडनंतर तो परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याच्या जागी माणशी दिवसाला १५ डॉलरची सेवा आली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या प्रीमियर पासची किंमत तर गर्दीच्या दिवशी मॅजिक किंगडममध्ये तेव्हा माणशी ४४९ डॉलरपर्यंत होती. पैसे भरलेला माणूस आणि डॅसवाला दोघेही लायटनिंग लेन नावाच्या एकाच बाजूच्या वाटेने येतात आणि साध्या रांगेतल्या माणसाला तेवढंच थांबवतात. तरीही, धंद्याचं स्वरूप बदलतं ही चिंता व्यक्त होते ती अपंगांपुरतीच. लायटनिंग लेन विकायला काढली, तिथेच २०२४ चं भांडण जन्माला आलं. फुकटची वाट बंद झाल्यावर उरलेल्या एकमेव फुकट दारावर गर्दी होणारच होती.

२०२४ च्या आधीच्या पाच वर्षांत डॅस घेणारे तिप्पट झाले, असं कंपनी सांगते. त्यात लबाड असतीलच. पण अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या पाहणीत २००० साली दीडशे मुलांमागे एकाला ऑटिझम असल्याची नोंद होती. २०२२ च्या पाहणीत ती ३१ मुलांमागे एक अशी आहे. निदान वाढलं की सोय मागणारेही वाढणार. २०२४ च्या नियमांनी डॅस ही ऑटिझम किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांपुरती ठेवली. क्रोन्सवाल्या बाईला आता सुचवलं जातं की रांग सोडून जा आणि पुन्हा तिथेच ये. म्हणजे गर्दी उलटी कापणं आलंच, वर परत येताना तीच गर्दी सुलटी कापायची. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

युनिव्हर्सलच्या पार्कांनी २०२३ पासून वेगळा मार्ग धरला. तिथे आयबीसीसीईएस या संस्थेकडे कागदपत्रांसह आधी नोंदणी करावी लागते. आपल्याकडच्या वाचकाला हेच सरळ वाटेल, कारण यूडीआयडी कार्ड आणि ‘४० टक्क्यां’चा दाखला आपल्या अंगवळणी पडला आहे. २०१६ च्या कायद्याने ऑटिझमसह २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली, ही मोठी गोष्ट. पण टक्केवारीचा दाखला हातात असलेली कुठलीही आई सांगेल की ४० हा आकडा मूल रांगेत किती मिनिटं टिकेल ते सांगत नाही. ते त्या आईलाच ठाऊक असतं. तिच्याशी दहा मिनिटं नीट बोलणारा, निदानाचं नाव न विचारता ‘रांगेत नेमकं काय होतं?’ असं विचारणारा माणूस ही यावरची सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

डिस्नेच्या पद्धतीत असं बोलणं आहे, फक्त त्याचं दार अरुंद केलंय. सुट्टीत फ्लोरिडाला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या कुटुंबाने हे आधीच धरून चालावं. सहलीपूर्वी व्हिडिओ कॉल करायचा असतो, तो अमेरिकेच्या वेळेने, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी किंवा रात्री. ज्याच्यासाठी सवलत हवी, ते मूल कॉलवर हजर लागतं. आणि समोर माणूस येईपर्यंत कित्येकदा तासन्‌तास ताटकळावं लागल्याचं पालक सांगतात. झोपेची वेळ टळलेलं, कान झाकून बसलेलं मूल मांडीवर, आणि समोर ‘कृपया थांबा’ म्हणणारा पडदा.